दोन प्रतलांतील संतुलन: पार्श्वभूमी

फिरणाऱ्या भागाचे असंतुलन दोन प्रतलांत (म्हणजे अक्षाला काटकोनात असलेल्या दोन पातळ्यांत) वजने लावून दूर करण्याची रीत आज पंपापासून टर्बाइनपर्यंत रूढ आहे. तिची मुळे मात्र वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या चाकांत सापडतात. क्रँक, म्हणजे दट्ट्याची पुढे-मागे होणारी गती चाकाच्या फिरण्यात बदलणारे भुजेसारखे भाग, चाकांच्या आतल्या बाजूस किंवा बाहेर असत, पण त्यांना तोलणारी वजने बसवायला जागा दोन चाकांतच होती, त्यामुळे दोन प्रतले ही सिद्धान्ताची सूचना नव्हती, रचनेनेच घातलेली अट होती. लुई ले शातलिए या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये धावत्या इंजिनांच्या स्थैर्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे डब्ल्यू. ई. डॅल्बी यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात संदर्भ-प्रतल धरून बले आणि बलयुग्मे (समान, समांतर पण विरुद्ध दिशेच्या बलांच्या जोड्या) स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत दिली, आणि ती आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवली जाते.

हवे तिथले वजन दोन प्रतलांत वाटण्याचा हिशेब तरफेचा आहे. दोन प्रतलांत १०० सेंटिमीटर अंतर असून डाव्या प्रतलापासून ३० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम वजन हवे असेल, तर त्याच त्रिज्येवर डावीकडे ७० आणि उजवीकडे ३० ग्रॅम लावावे लागते. तेच वजन उजव्या प्रतलाच्या २० सेंटिमीटर बाहेर हवे असेल, तर उजवीकडे १२० ग्रॅम आणि डावीकडे विरुद्ध दिशेला २० ग्रॅम लागते. नवशिक्याची गल्लत बहुधा इथेच होते.

गणित लवकर सुटले, मोजमाप मात्र रखडले. धारदार आडव्या पट्ट्यांवर ठेवलेला रोटर (यंत्राचा फिरणारा भाग) कुठल्याही स्थितीत स्थिर राहिला, तरी त्यात बलयुग्म दडलेले असू शकते, आणि ते रोटर फिरल्याशिवाय उघड होत नाही. फिरवून पाहिल्यावर दुसरी अडचण समोर येते, ती म्हणजे एका प्रतलातील वजन दोन्ही बेअरिंगांचे कंपन बदलते. फ्रान्झ लावाचेक यांच्या कल्पनेवर आधारित संतुलन-यंत्रे जर्मनीत डार्मस्टाट येथील कार्ल शेंक कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केली. बसवलेल्या जागीच संतुलित करायच्या यंत्रांसाठी खरी वाट जनरल इलेक्ट्रिकच्या ई. एल. थर्ल यांनी १९३४ मध्ये दाखवली: मूळ स्थितीत एकदा आणि प्रत्येक प्रतलात चाचणी वजन लावून एकेकदा, असे तीनदा यंत्र चालवून दोन्ही बेअरिंगांवरील कंपनाचे मान व कोन नोंदवायचे, आणि त्यांवरून दोन्ही प्रतलांतील वजने एकत्रच काढायची.

हे सारे रोटर दृढ, म्हणजे न वाकणारा, आहे असे धरून चालते. क्रांतिक वेगापलीकडे, म्हणजे फिरण्याचा वेग शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो त्या वेगापलीकडे, शाफ्ट वाकतो, आणि तिथे बहुधा दोन प्रतले पुरत नाहीत.