बुडखा कुजतो तेव्हा

'बुडख्याला भोकं पाडा, एप्सम सॉल्ट भरा, पंधरा दिवसांत भुगा!' माजलेली बाग साफ करून तिथे लाकडी डेक बांधू पाहणाऱ्याला असा व्हिडिओ हमखास भेटतो. पण लाकूड मीठ कुजवत नाही, बुरशी कुजवते. आणि ती ते कसं करते, हा फार सुंदर प्रकार आहे.

लाकडात साधारण 40 ते 50 टक्के सेल्युलोज असतं. ही ग्लुकोजची माळ. सगळे मणी एकाच तऱ्हेच्या बंधाने ओवलेले, त्यामुळे नेमकं विकर (एन्झाइम) मिळालं की सुटतात. लाकडाचा आणखी 20 ते 30 टक्के भाग असलेलं लिग्निन मात्र वेड्यावाकड्या बंधांचं जंजाळ. इथे एका किल्लीने काम होत नाही. म्हणून काही बुरश्या किल्ली बनवायच्या भानगडीतच पडत नाहीत, थेट दार फोडतात. 1983 साली फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीत लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर सापडलं. हायड्रोजन पेरॉक्साइड या विकरातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. मग हे भुकेलं विकर लिग्निनच्या बेंझिन-कड्यातून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. त्यातून बनलेला धन मूलक (एक इलेक्ट्रॉन गमावलेला, धनभारित रेणू) इतका अस्थिर असतो की शेजारचे कार्बन-कार्बन बंध आपोआप तुटतात. विकराचा रेणू घट्ट लाकडात शिरण्याइतका लहान नसतो, म्हणून दुसरं एक पेरॉक्सिडेज मँगनीजचे आयन ऑक्सिडीकृत करून आत पाठवतं. बुडख्याचं लाकूड पांढरट, तंतुमय झालं असेल तर समजा, हेच चाललंय. तपकिरी चौकोनी ढेकळं पडत असतील तर बुरशी वेगळी. तिने सेल्युलोज खाल्लं, लिग्निन बहुतेक तसंच ठेवलं.

या सगळ्याला ओल, हवा आणि नायट्रोजन लागतो. लाकडात नायट्रोजन अगदीच कमी. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात नायट्रोजन नाहीच. उलट गच्च भरलेलं मीठ बुरशीच्या तंतूंचंच पाणी शोषतं. नायट्रोजनयुक्त खत घालून बुडखा ओल्या मातीखाली ठेवला तर वेग वाढतो, तरी हिशोब वर्षांचाच. काही झाडांचे सुप्त डोळे जागे होऊन फुटवे येतात, ते वेगळंच.

डेकला एवढी वाट पाहणं परवडत नाही. बुडखा तसाच ठेवून वर खांब रोवले तर लाकूड कुजत जाईल तशी खाली पोकळी होते आणि खांब खचतो. तेव्हा यंत्राने दळून घ्या, भुसा खड्ड्यात न ठेवता काढा, माती थराथराने ठोकून भरा. जाड मुळं खांबाच्या जागी आली तर तीही काढा. किती कुजलंय हे पाहायला स्क्रूड्रायव्हर पुरतो: खुपसल्यावर मुठीपर्यंत गेला तर बुरशीचं बरंच काम झालेलं असतं.