बेळगाव सीमाभागातील मालमत्ता मूल्यांकन

घर, प्लॉट, शेतजमीन, दुकानगाळा किंवा कारखान्याची शेड यांची किंमत कागदपत्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे ठरवून ती लेखी अहवालात मांडणे म्हणजे मालमत्तेचे मूल्यांकन. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ते करणाऱ्याला सगळे ‘व्हॅल्युअर’च म्हणतात. बहुतेक जण सिव्हिल इंजिनिअर असतात आणि काम मुख्यतः बँका व सोसायट्यांच्या कर्जप्रकरणांतून येते. त्याखालोखाल भांडवली नफ्याचा कर, भावाभावांतील वाटणी, कोर्टातले दावे आणि भूसंपादन. तंत्र देशभर आहे तेच इथेही. वेगळे आहे ते दप्तर. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जमिनीची मूळ मोजणी मुंबई पद्धतीची, तिला लागू असलेले आजचे कायदे कर्नाटकाचे, उतारा कानडीत आणि मालक मराठी अशी स्थिती आहे. एकाच बांधाच्या दोन्ही अंगांना दरात मोठी तफावत दिसली, तर माती बघण्याआधी उतारा बघावा.

अधिकार आणि नोंदणी

पूर्वी संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४अब खाली नोंदणी असलेला तो ‘सरकारमान्य व्हॅल्युअर’. पुढे संपत्ती कर रद्द झाला, तरी ही नोंदणी व्यवहारात चालत राहिली. कंपनी कायदा २०१३ चे कलम २४७ लागू झाल्यावर आणि २०१७ चे नियम आल्यावर कंपनी व दिवाळखोरीच्या कामांसाठी आयबीबीआयकडे (भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळ) परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. तिचे तीन वर्ग आहेत : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. सरफेसी, म्हणजे थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली जप्त केलेली मालमत्ता विकण्याआधी बँकेला मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढून घ्यावी लागते. एरवी बँकेचे स्वतःचे पॅनेल असते. नव्याने धंद्यात येणाऱ्याची खरी अडचण परीक्षेपेक्षा या पॅनेलवर जाण्याची असते.

उतारा वाचणे

कर्नाटकात सातबाराच्या जागी आरटीसी (हक्क, कूळ व पीक यांची नोंद) असते. कानडीत तिला पहाणी म्हणतात. बेळगावकडचा शेतकरी अजूनही ‘उतारा’ म्हणतो आणि तलाठ्याला तलाठीच. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ प्रकल्पात उतारे संगणकावर आले, ते ऑनलाइन मिळतात. पण मिळणे वेगळे आणि वाचणे वेगळे. तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्र, त्यातून वजा खराबा आणि उरलेले क्षेत्र असते. खराब्याचे दोन प्रकार आहेत. ‘अ’ खराबा लागवडीला नालायक असला तरी मालकाचाच असतो. ‘ब’ खराबा रस्ता, नाला, वहिवाट अशा सार्वजनिक कामाचा, तो मालकाच्या किमतीत धरायचा नाही. दोन एकरांच्या तुकड्यात सहा गुंठे ‘ब’ खराबा निघाला तर ऐंशी गुंठ्यांचे चौऱ्याहत्तर होतात, आणि शहरालगतच्या जमिनीत हा फरक लाखांच्या घरात जातो.

नववा रकाना मालकाचा, दहावा मालकी कशी आली याचा, अकरावा हक्क आणि ऋण, म्हणजे बोज्याचा, बारावा पीक व कसणाऱ्याचा. नवव्या रकान्यात पाच-सहा नावांपुढे ‘जंटी’ असा शब्द असला की खाते सामाईक आहे. अशा वेळी पार्टी आपल्या वाट्याची बांधाने वेगळी झालेली जमीन दाखवते, पण कागदावर तो वाटा वेगळा झालेला नसतो. सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा तर ११ ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याची हद्द दाखवणारा मोजणी खात्याचा नकाशा लागतो. तो नसेल तर बँकेला विकता येईल अशी हद्दच नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे. दहाव्या व अकराव्या रकान्यात वतन, इनाम, कूळ किंवा सरकारी मंजुरीचा उल्लेख सापडला तर थांबावे. कर्नाटक भूसुधारणा कायद्यात १९७४ ला मोठी दुरुस्ती झाली आणि लँड ट्रिब्युनलमार्फत (भूसुधारणा न्यायाधिकरण) कुळांना जमिनी मिळाल्या. या जमिनींच्या हस्तांतरावर ठरावीक वर्षांची बंदी होती. अनुसूचित जाती-जमातींना मिळालेल्या जमिनींना १९७८ चा पीटीसीएल कायदा, म्हणजे अशा जमिनींच्या हस्तांतराला मनाई करणारा कायदा लागू आहे. सरकारच्या परवानगीशिवाय झालेली अशा जमिनीची विक्री रद्द ठरू शकते. अशा जमिनीला शेजारच्या मोकळ्या जमिनीचा दर लावणे ही कारकुनी चूक मानता येत नाही.

मोजणीच्या कागदांत टिप्पण (मोजणीचा मूळ नकाशा), आकारबंद (क्षेत्र व आकाराची नोंद) आणि फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) हे तिन्ही जुळतात का बघावे. आकारबंदातले क्षेत्र आणि उताऱ्यातले क्षेत्र वेगळे निघण्याचे प्रसंग येतात; तेव्हा कमी आकडा धरून फरक नोंदवणे सुरक्षित. जुनी हस्तलिखित पहाणी काढली तर आकडेही कानडी लिपीतले असतात, आणि त्याहून मागे गेले की मोडी लिपीतले दस्त समोर येतात. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे तिथल्या घरांच्या मालकीचा माग काढताना मोडी वाचणारा माणूस ओळखीचा असणे उपयोगी पडते. नावांचा घोळ तर ठरलेलाच : खरेदीपत्रात आजोबांचे टोपणनाव, उताऱ्यात कानडी वळणाचे आडनाव, आधारवर तिसरेच स्पेलिंग. व्हॅल्युअरने नावाचा निकाल लावायचा नसतो, तो वकिलाचा प्रांत. मात्र कागदावर दिसलेली तिन्ही नावे जशीच्या तशी लिहून ठेवावीत.

गावठाणातल्या व ग्रामपंचायत हद्दीतल्या घरांना ई-स्वत्तू या ग्रामपंचायत मिळकतींच्या संगणकीय नोंदणीचे उतारे मिळतात. फॉर्म ९ आणि ११अ असेल तर जागा नियमात बसते. ११ब असेल तर कर भरला जातो, पण मंजुरीची बाजू लंगडी आहे असे समजावे. शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेचा खाता, म्हणजे मिळकतीची कर-नोंद. शहराच्या भोवतालच्या गावांत शेतजमिनीचे तुकडे पाडून बिगरएनए (अकृषक परवानगी नसलेले) प्लॉट विकले गेले आहेत, त्यांतले काही नुसत्या बाँडपेपरवर. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा सांगितले. अशा जागेवर दोन मजली आरसीसी बंगला उभा असला तरी बँकेसाठी त्या जमिनीची किंमत लिहू नये.

कँटोन्मेंट ही आणखी निराळी गोष्ट. १८३२ पासूनच्या या छावणीत जुन्या अनुदानाचे बंगले आहेत. त्यांची जमीन सरकारची आणि मालकी फक्त बांधकामाची. इथे उतारा चालत नाही, जनरल लँड रजिस्टरची नक्कल लागते. होनग्यासारख्या केआयएडीबीच्या (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ) औद्योगिक वसाहतीतली शेड असेल तर प्लॉट अजून लीज-कम-सेलवर (आधी भाडेपट्टा, मागाहून विक्री) आहे की पक्के खरेदीपत्र झाले आहे, हा पहिला प्रश्न. फौंड्रीत फर्नेस, कूलिंग टॉवर, क्रेन ही यंत्रे. त्यांचा वर्ग वेगळा. क्रेनचे गर्डर ज्या खांबांवर आहेत ते खांब मात्र इमारतीत येतात.

माप आणि हत्यारे

मुंबई सर्वेची साखळी ३३ फुटांची. तिच्या चौरसाचा गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. पलीकडे महाराष्ट्रात उतारा हेक्टर-आरमध्ये. बोलताना लोक गुंठा आणि आर एकच धरतात. एका प्लॉटला चालून जाते, पण चार एकरांत सुमारे दोन हजार चौरस फुटांचा फरक येतो. म्हणजे एक बऱ्यापैकी प्लॉट.

पिशवीत तीस मीटरची टेप आणि लेझर मीटर दोन्ही हवीत. उन्हात लेझरचा ठिपका दिसत नाही, म्हणून बाहेरची मापे टेपने आणि खोल्या लेझरने घ्याव्यात. अक्षांश-रेखांश व तारीख छापणारे कॅमेरा ॲप आता बँकाच मागतात. दिशांक हे कर्नाटक सरकारचे ॲप उभ्या जागी सर्व्हे नंबर दाखवते. पार्टीने भलताच प्लॉट दाखवला तर तिथल्या तिथे संशय येतो, एवढाच त्याचा उपयोग; हद्द ठरवायला ते वापरू नये, सर्व्हे नंबराच्या कडेला काही मीटरचा फरक सहज पडतो. गूगल अर्थवरील जुनी छायाचित्रे बांधकामाचे वय ताडायला उत्तम. ‘घर दहा वर्षांचे’ म्हणून सांगितले आणि २०१० च्या चित्रात छप्पर दिसले, की वाद संपतो. चतुःसीमा, इथल्या दस्तांतली चक्कुबंदी, जागेवर उभे राहून चारही बाजूंनी ताडून बघावी. पूर्वेला ‘अमुक यांची जागा’ असे असेल तर त्या शेजाऱ्यालाच विचारावे.

भाव काढणे

मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर म्हणजे कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू, महाराष्ट्रात रेडी रेकनर. कर्नाटकातले दर १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढले. दस्त बहुधा या दराच्या आसपास नोंदवले जातात आणि उरलेला व्यवहार वेगळा होतो, हे उघड गुपित आहे. त्यामुळे कावेरी या कर्नाटकाच्या दस्तनोंदणी संकेतस्थळावरून काढलेल्या दस्तांवर तुलना उभी केली तर बाजारभाव कमी येतो, आणि एजंटाच्या तोंडच्या भावावर उभी केली तर फुगतो. एजंट मागणीचा भाव सांगतो, व्यवहाराचा नाही. विकणारा आणि घेणारा दोघांनाही वेगवेगळे गाठून विचारणे हाच त्यातल्या त्यात खरा मार्ग. तुलनेच्या प्रत्येक व्यवहारापुढे तारीख, क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि माहिती कोणाकडून मिळाली हे लिहावे.

कमी आकड्याच्या दस्तांची सवय भूसंपादनात शेतकऱ्याच्याच गळ्याशी येते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार भरपाई ठरवताना आसपासच्या मागील तीन वर्षांतल्या दस्तांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी बघतात. ग्रामीण भागात तिला एक ते दोनपर्यंत गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही हेच लागू. मूळ आकडाच बुडालेला असेल तर गुणकाने तो किती वर येणार? बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमिनींच्या मालकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अशा प्रकरणात शेतकऱ्याच्या बाजूने काम करणाऱ्याने विहीर, पाइपलाइन, झाडे, पिकांची फेरी हे सगळे फोटो व पावत्यांसह स्वतंत्र मांडावे, कारण त्यांची भरपाई दस्तांवर अवलंबून नसते.

जुन्या पेठेतल्या अरुंद तोंडाच्या खोल जागांना पट्टा पद्धत लावतात. पंधरा फूट रुंद, नव्वद फूट खोल जागेचे तीस-तीस फुटांचे तीन पट्टे पाडले आणि पहिल्याला पूर्ण, दुसऱ्याला दोन तृतीयांश, तिसऱ्याला निम्मा दर दिला, तर १,३५० चौरस फुटांची किंमत ९७५ चौरस फुटांइतकी येते. पट्टा किती खोल धरायचा हे गल्लीवर आहे. मागच्या बाजूला दुसऱ्या गल्लीत दार असेल तर हा हिशेब मोडतो.

करासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत काढण्याची कामे अजून येतात. जमीन-घराची ही किंमत त्या तारखेच्या मुद्रांक दरापेक्षा, तो उपलब्ध असल्यास, जास्त धरता येत नाही. म्हणून सब-रजिस्ट्रार ऑफिसातून त्या वर्षीचा दर आधी काढावा, आकडेमोड मग. ऑनलाइन ईसी (मिळकतीवरील व्यवहार व बोज्यांचा दाखला) २००४ पासूनची मिळते. त्यामागची शोधणी हाताने.

इमारत

आरसीसी घराचे आयुष्य साधारण ६० वर्षे आणि शेवटी १० टक्के मोडीची किंमत धरतात. २० वर्षांच्या घराला ३० टक्के घसारा. मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि मंगळोरी कौलांच्या घराला हे सूत्र लावले तर किंमत शून्याकडे जाते, पण त्यातले लाकूड विकले जाते. ते वेगळे मोजावे. खानापूरच्या पश्चिमेकडे पावसाची झड लागणारी भिंत आतून हाताने दाबून बघावी. रंग नवा असला तरी जोत्याजवळचा गिलावा पोकळ वाजतो. वडगाव, खासबागेत घरातच यंत्रमाग असतात. त्या खोलीची फरशी आणि हादऱ्याने गेलेले तडे बघणे घराच्या वयापेक्षा महत्त्वाचे, आणि माग किमतीत धरायचे नाहीत. निपाणीतली तंबाखूची जुनी वखार भाड्याच्या हिशेबाने किरकोळ ठरते, रस्त्यावरचा प्लॉट म्हणून भारी.

पाण्याची रेषा

ऑगस्ट २०१९ च्या पुराने वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय यांच्या काठच्या व्हॅल्युअरना नवा प्रश्न दिला. निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच पाण्याखाली गेला होता. बेळगावात बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतांत पाणी तुंबते. उन्हाळ्यात पाहणी केली तर काही दिसत नाही. भिंतीवरचा डाग, उंचावर हलवलेला मीटर बोर्ड, दारासमोर मागाहून बांधलेली पायरी बघावी, आणि घरातल्या बाईमाणसांना विचारावे. धान्य माळ्यावर चढवावे लागले का, हे त्यांना नेमके आठवते.

सीमेपलीकडची जमीन

बेळगावकडच्या बाची गावाच्या पुढे शिनोळी लागते, ती महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. घर बेळगावात आणि शेत चंदगडात असणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे एकाच कर्जाला दोन राज्यांतल्या जमिनी तारण येतात. दोन्हींना एकच दर लावणे चूक. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर बिगरशेतकरीही शेतजमीन घेऊ शकतो. महाराष्ट्रात परवानगीशिवाय त्याला ती घेता येत नाही. गिऱ्हाईकच मर्यादित, म्हणून लिलावात पलीकडच्या जमिनीची वसुलीयोग्य किंमत, म्हणजे विकून प्रत्यक्ष हाती येईल ती रक्कम, वेगळी काढावी. तिथला फेरफार, आठ-अ आणि सूची क्रमांक दोन स्वतंत्र मागवावे.

अहवालात बाजारभाव, वसुलीयोग्य किंमत आणि घाईच्या विक्रीची किंमत असे तीन आकडे बँका मागतात. दुसरा व तिसरा पहिल्यातून ठरावीक टक्के वजा करून टाकण्याची रीत पडली आहे. निदान टक्केवारी का धरली याची एक ओळ तरी असावी. पाहणीची तारीख आणि अहवालाची तारीख वेगळ्या लिहाव्यात. मोकळा प्लॉट असेल तर लेआउटच्या कोपऱ्यापासून नंबर मोजत यावे, आणि जागा कोणी दाखवली त्याचे नाव व मालकाशी असलेले नाते अहवालात नोंदवून त्याची सही घ्यावी.