सभाधीटपणा (कोकण)

सभाधीटपणा : चारचौघांसमोर उभे राहून न अडखळता बोलता येणे. याच्या उलट अवस्था म्हणजे सभाभय. मानसशास्त्रात त्याला ‘ग्लॉसोफोबिया’ असेही म्हणतात. ग्रीकमध्ये ग्लोसा म्हणजे जीभ आणि फोबोस म्हणजे भीती. बोबडी वळणे, दातखीळ बसणे, तोंडाला कोरड पडणे, पाय लटपटणे हे मराठी वाक्प्रचार या अवस्थेचे बऱ्यापैकी अचूक शारीरिक वर्णन करतात. धोका जाणवला की ॲड्रेनालिन स्रवते, नाडी वाढते, लाळ कमी होते, हातापायांना कंप सुटतो. समोर वाघ आहे की गावसभा, हा भेद शरीर करत नाही.

कोकणात सभाभय आणि सभाधीटपणा एकाच माणसात नांदताना दिसतात. 1 ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, शाळेत भाषणे होतात. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत गाडी सुरळीत जाते आणि शेंगांच्या टरफलांपाशी अडते. ‘माका नाय जमाचा’ म्हणून खाली बसलेला तोच मुलगा महिन्याभराने गणपतीत जाखडी या लोकनृत्याच्या फेरात गळा मोकळा सोडून गातो. या विसंगतीला भाषा बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. शाळेतले भाषण पाठ केलेल्या प्रमाण मराठीत असते. एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही, आणि घरची मालवणी किंवा संगमेश्वरी बोली तिथे चालत नाही. मुलाला भीती वाटते ती माणसांपेक्षा चुकण्याचीच जास्त.

सार्वजनिक बोलण्याचा कोकणातला, विशेषतः सिंधुदुर्गातला, खास प्रकार म्हणजे गाऱ्हाणे. जत्रा, शिमगा, नवस किंवा नव्या घराचा प्रवेश, अशा प्रसंगी गावकर अथवा मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. सुरुवात ‘बा देवा म्हाराजा’ अशी ठरलेली. मग रवळनाथ, सातेरी अशा ग्रामदेवतांना हाक, जमलेल्यांची बाजू, कोणाचे आजारपण, कोणाची मुंबईतली नोकरी, आणि चुकले-माकले पदरात घेण्याची विनंती. प्रत्येक वाक्यामागून जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. चौकट पाठ असते, आतला मजकूर त्या दिवसाचा असतो. बोलणाऱ्याला पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायला त्या ‘व्हय’एवढी उसंत मिळते, शिवाय लोक बरोबर आहेत हेही दर वाक्याला कळत राहते.

याच्या अगदी उलट मांडणी प्रयोगशाळेत मुद्दाम केली गेली. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात विकसित झालेल्या, 1993 साली प्रसिद्ध झालेल्या ताणचाचणीत माणसाला परीक्षकांपुढे 5 मिनिटे भाषण करावे लागते, नंतर 1022 मधून 13-13 वजा करत जावे लागते. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत. एवढ्यावर बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक लक्षणीय वाढते. त्या खोलीत गाऱ्हाण्यातला ‘व्हय’ तेवढा काढून घेतलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

गाऱ्हाणे कोणी शिकवत नाही. पोर आधी वडिलांच्या मागे उभे राहून वर्षानुवर्षे ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. स्वतः घालायची वेळ येते तेव्हा त्याची लय अंगात भिनलेली असते. दशावतारातही नवख्याला आधी थोड्या शब्दांची कामे मिळतात. या नाट्यप्रकाराला लिखित संहिता नसते. रात्रीचे आख्यान आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे हे ठरते, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. दिवसा शेतात राबणारा नट रात्री राजा होऊन संस्कृतप्रचुर मराठीत तावातावाने वाद घालतो. संकासुर हा विनोदी राक्षस मात्र मालवणीतच बोलतो आणि बहुधा तोच जास्त टाळ्या घेतो. शब्द अडला तर समोरचा नट सावरून घेतो किंवा हार्मोनियमवाला सूर धरतो. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुरा या दोन पक्षांच्या गाण्यांच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या सवालाला जवाब द्यायचा असतो. तिथे घाबरण्यापेक्षा हरण्याची लाज मोठी.

औपचारिक व्यासपीठावर याच किनाऱ्याने दोन अगदी वेगळे वक्ते दिले. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे 1866 साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले गर्जना करणारे वक्ते नव्हते. त्यांचा धीर अभ्यासातून येई. 1902 साली केंद्रीय कायदेमंडळात शिलकी अंदाजपत्रकाचे कौतुक चालू असताना, ही शिल्लक रयतेवरच्या जादा कराची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडले. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै (1922–1971) राजापूरमधून 1957 पासून तीनदा लोकसभेवर निवडून आले. ओघवत्या, भावपूर्ण वक्तृत्वासाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते.

बायकांची परिस्थिती निराळी. गाऱ्हाणे पुरुषांकडे आणि दशावतारात स्त्री-पार्टही परंपरेने पुरुषांचाच, त्यामुळे त्यांचा सराव फुगड्यांच्या गाण्यांत आणि नाव घेण्यात झाला. उखाणा म्हणजे दोन ओळींचे भाषणच. फक्त त्याला कोणी भाषण म्हणत नाही. महाराष्ट्रात 2011 साली पंचायत संस्थांत स्त्रियांचे आरक्षण 50 टक्के झाले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचीही तरतूद आहे. मोठ्या सभेत तोंड उघडण्यापूर्वी आपल्याच वाडीतल्या बायकांत एकदा बोलून झालेले असले, की पाण्याच्या टाकीचा प्रश्न दुसऱ्यांदा मांडताना आवाज कमी कापतो. आरक्षणाने खुर्ची मिळाली, तरी माइक हातात आल्यावर शेजारच्या पुरुषाकडे तो सरकवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी अजून आहे.