'मोक्का लावा' म्हणतात तेव्हा नक्की काय लागतं?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली आणि त्यानंतर बीड, परभणी, पुणे असे जे मोर्चे निघाले त्यात एक मागणी सारखी कानावर येत होती, मोक्का लावा. जानेवारीत आरोपींवर तो लागलाही. तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निम्म्या लोकांना वाटलं की झालं, आता सुटका नाही, म्हणजे जणू निकालच लागला. पण मोक्का लागला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं, केस कुठल्या नियमांनी चालणार ते बदलतं. कोणी मोक्का म्हणतं कोणी मकोका, कायदा तोच, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९, आणि तो केंद्राचा नाही, आपल्या राज्याचा आहे.

यातला सगळ्यात मोठा बदल कळायला बरंच मागे जावं लागतं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळातला आहे. तेव्हा पोलीस मारून कबूल करून घ्यायचे हे सरकारलाही माहीत होतं, १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात या छळाची चौकशी करायला खास आयोग नेमावा लागला होता. मग १८६१ च्या फौजदारी संहितेत ही बंदी आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून पक्की बसली. कबूल करायचंय? मॅजिस्ट्रेटसमोर कर. म्हणजे परक्या सरकारचा स्वतःच्याच पोलिसांवर भरवसा नव्हता, गंमतच आहे, पण आरोपीच्या दृष्टीने याच्याइतकं मोठं संरक्षण दुसरं नसेल.

या भिंतीला पहिलं मोठं भगदाड टाडा या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याने पाडलं. एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालेल असं त्यात होतं, सुप्रीम कोर्टाने १९९४ ला काही अटी सुचवून ते मान्यही केलं, पण टाडाचा इतका गैरवापर झाला की १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवलीच नाही. आणि नेमकं तेव्हा मुंबईत काय चाललं होतं तर खंडणीचे फोन आणि भरदिवसा गोळीबार. जानेवारी १९९७ ला कामगार नेते दत्ता सामंत, ऑगस्टमध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची हत्या झाली. शूटर सापडायचा, पण सुपारी देणारा कुठेतरी परदेशात आणि साक्षीदार कोर्टात फिरायचे. गोपीनाथ मुंडे गृहमंत्री होते, त्या युती सरकारने फेब्रुवारी १९९९ मध्ये आधी अध्यादेश काढला आणि मग कायदा केला. केंद्राच्या पुरावा कायद्याशी उघड विसंगत तरतुदी होत्या म्हणून राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागली, ती मिळाली. पुढे कर्नाटकाने असाच कायदा केला, २००२ मध्ये दिल्लीला हाच लागू झाला.

आता आत काय आहे बघा. कलम १८, टाडातलं तेच, एसपी किंवा मुंबईसारख्या ठिकाणी डीसीपी यांच्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. कलम २१ म्हणतं पोलीस कोठडी १५ ऐवजी ३० दिवसांपर्यंत, चार्जशीटला ९० चे १८० दिवस होऊ शकतात, अटकपूर्व जामीन नाही, आणि साधा जामीन हवा असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर जाऊन गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री व्हायला हवी. खटला सुरूही झालेला नसताना ही खात्री कशी पटवायची? म्हणून मोक्क्यात लोक वर्षानुवर्षं आतच असतात.

पण कायदा करणाऱ्यांना टाडाचं काय झालं ते आठवत होतं, म्हणून पोलिसांना जास्तीचा अधिकार देताना त्यावर वरिष्ठांच्या सह्यांचा लगाम घातला. मोक्क्याखाली गुन्ह्याची नोंद करायलाच आधी डीआयजी दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी, तपास एसीपी किंवा डीवायएसपीच्या खालचा माणूस करू शकत नाही, आणि कोर्टाने दखल घ्यायची तर अतिरिक्त महासंचालक दर्जाची परवानगी. शिवाय टोळी दाखवायची, आणि आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट, तेही तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली. त्यामुळे मोक्क्याच्या केसमध्ये बचावाचा वकील साक्षीदारांच्या आधी सह्या आणि तारखा तपासतो, मंजुरी देणाऱ्याने कागद वाचले होते का नुसतं टाइप करून आणलेल्यावर सही ठोकली हे विचारतो. बाहेरच्या माणसाला ही टेक्निकल पळवाट वाटते. पळवाट कसली, ज्या अटीवर एवढा अधिकार दिला ती अट आहे ती.

कोर्टांनीही हळूहळू कडा घासल्या. २००५ ला तेलगीच्या स्टॅम्प घोटाळ्यात सुप्रीम कोर्टाने जामिनाच्या अटीचा अर्थ सैल केला, आरोपी निर्दोष आहे असा निष्कर्ष काढायची गरज नाही, वरवर पाहता काय दिसतं ते बघा, आणि हा अर्ज कोणाचा होता तर मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंह शर्मा यांचा. २००८ ला फोन टॅपिंगची कलमं सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली, ती हायकोर्टाने रद्द केली होती. २०१५ मध्ये सांगितलं की जुन्या चार्जशीट पुरत नाहीत, कायदा आल्यानंतर काहीतरी नवीन गुन्हा केलेला हवा. आणि वकिलाचं म्हणाल तर २०१२ च्या कसाबच्या निकालात आहे की पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तेव्हाच वकील देणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, आरोपी स्वतःहून नको म्हणाला तर गोष्ट वेगळी. कसाबसाठी म्हणजे सगळ्यांसाठीच.

कलम १८ ची खरी परीक्षा ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत झाली. वेस्टर्न रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट, १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. कायद्यात लिहिलंय की कबुलीजबाब मोकळ्या वातावरणात घ्यायचा, लगेच आरोपीसकट मुख्य मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, आणि तो मारहाणीची तक्रार करत असेल तर वैद्यकीय तपासणी करायची. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने हेच कागद उलगडले आणि वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबात तेच ते मजकूर दिसले, छळाचं म्हणणं खरं मानलं गेलं, मोक्क्याच्या मंजुरीवरही ताशेरे, आणि बाराही जण निर्दोष. त्यातला एक २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही, पण हा निकाल बाकीच्या मोक्का केसेसमध्ये दाखला म्हणून चालणार नाही.

दरम्यान १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्याची व्याख्या जवळजवळ मोक्क्यावरून उचललीय, दहा वर्षांची अट तीच, किमान पाच वर्षं शिक्षा आणि पाच लाख दंडही तोच. कबुलीजबाबाची तरतूद मात्र त्यात नाही, जामिनाची ती कडक अटही नाही. कलम १११ देशभर असूनही मोर्चात लोक मोक्काच मागतात ते त्यामुळेच.