अंगणवाडीतली आरोग्य तपासणी : पथक येण्याआधी आणि चिठ्ठी मिळाल्यानंतर

मूल तापाने फणफणले की दवाखान्यात न्यायचे, हे कुणाला सांगावे लागत नाही. चांगले हसते-खेळते मूल तपासायला निघालात तर मात्र घरातलेच विचारतात, ‘झालंय काय त्याला?’ काही झालेले नसते तेव्हाच ही तपासणी करायची असते. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. तरीही ‘अर्ज कुठे करायचा?’ असे विचारणारे पालक आजही भेटतात. अर्ज नाही, फी नाही, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखलाही लागत नाही. डॉक्टर-नर्सचे फिरते पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येते त्या दिवशी मूल तिथे हजर असले पाहिजे, एवढेच.

कोणाची तपासणी, कुठे आणि कधी

जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले यात येतात. पहिली तपासणी बाळंतपण झाले त्या सरकारी रुग्णालयातच होते. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन बाळ पाहतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. पुढे ३ ते १५ महिन्यांच्या दरम्यान दर तीन महिन्यांनी एक भेट असते. ६ आठवड्यांपासून ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा फिरते पथक येते. त्यानंतर सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा.

मूल खासगी बालवाडीत जात असेल तर पथक तिथे येणार नाही. अशा वेळी जवळच्या अंगणवाडी सेविकेकडे मुलाचे नाव नोंदवा आणि पथकाची तारीख विचारून ठेवा. त्या दिवशी लग्नाला किंवा गावाला गेलात तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी येते, आणि दीड वर्षाच्या बाळासाठी सहा महिने हा फार मोठा काळ आहे.

पथकात दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात. वजन, उंची, दंडाचा घेर, लहान बाळाच्या डोक्याचा घेर मोजला जातो. मग जन्मतः असलेले व्यंग, शरीरातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब या चार अंगांनी मूल पाहिले जाते.

इथे एक कळकळीची विनंती. मुलाला शेजारणीबरोबर पाठवू नका. दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या माणसाने सोबत जावे, मग ती आई असो वा आजी. डॉक्टरांच्या हातात काही मिनिटे असतात, तुम्ही मूल चोवीस तास पाहता. दूध पिताना बाळाला धाप लागते, कपाळावर घाम येतो. भांडे पडले तरी दचकत नाही. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते. वर्ष उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. हे सगळे न विचारता सांगायचे. ‘आमच्याकडे सगळी मुलं उशिराच बोलतात’ म्हणून गप्प बसणे मुलाला महागात पडते.

सोबत काय न्यायचे

सगळ्यात आधी माता व बालसंरक्षण कार्ड. गरोदरपणात मिळालेले हे कार्ड लसीकरण झाले की कपाटात जाते, आणि तिथेच चूक होते. त्यात वाढीचा आलेख असतो, मुलांचा निळा आणि मुलींचा गुलाबी. दर महिन्याचे वजन टिंब देऊन मांडले जाते. हिरव्या पट्ट्यात वजन ठीक, पिवळ्यात कमी, केशरीत फारच कमी. पण नुसता पट्टा पाहू नका, रेघ पाहा. हिरव्या पट्ट्यात असूनही सलग दोन-तीन महिने रेघ आडवी राहिली तर विचारायला हवे. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला, तर ते तीव्र कुपोषण समजतात आणि त्यावर लगेच उपचार लागतात.

कार्ड हरवले असेल तर नर्सबाईंच्या नोंदवहीतून किंवा यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर दिलेल्या मोबाइल क्रमांकावरून लसींची नोंद शोधता येते. म्हणून क्रमांक बदलला तर कळवा. एखादा डोस राहिला म्हणून लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, राहिला तिथून पुढे जातात. बीसीजी वर्षाच्या आत देता येते, गोवर-रुबेलाची लस ५ वर्षांपर्यंत.

पथकाच्या तपासणीसाठी एवढे पुरे. पुढच्या उपचारासाठी मात्र जन्म दाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. अनेकदा ही नोंद बाळाच्या नावाशिवाय झालेली असते आणि बारशानंतर नाव घालायचे राहून जाते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क नाही. नंतर विलंब शुल्क पडते. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर ग्रामपंचायतीच्या खेपा घालण्यापेक्षा हे आधी उरका. ५ वर्षांखालील मुलाचे आधार बोटांच्या ठशांशिवाय, आई किंवा वडिलांच्या आधारावर निघते.

चिठ्ठी मिळाली, आता काय

काही संशय आला तर पथक संदर्भ चिठ्ठी देते. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत नाजूक जागा हीच आहे. तपासणी होते, चिठ्ठी हातात पडते आणि मग कापणी, परीक्षा, गाडीभाडे यांत महिने जातात. मूल खेळत असते, त्यामुळे घाई कुणालाच वाटत नाही.

काही बाबतींत घाई करावीच लागते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचे निदान पहिल्या ३ महिन्यांत आणि उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत, कारण भाषा कानातून येते. आत वळलेली पावले पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केले तर बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फारच लहान बाळाचा त्याहूनही आधी. ही तपासणी चुकली तर कायमचे अंधत्व येऊ शकते. पथकाची वाट पाहायची ही वेळ नव्हे, बाळाला थेट जिल्हा रुग्णालयात न्या.

चिठ्ठीवर पुढचे ठिकाण लिहिलेले असते : प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, श्रवण आणि वाचा यांची सेवा एका छताखाली मिळावी अशी रचना आहे. निघण्याआधी पथकातल्या डॉक्टरांना तज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा आणि त्यांचा फोन क्रमांक घ्या. चिठ्ठीची झेरॉक्स काढून मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.

हृदयातले छिद्र, दुभंगलेले ओठ-टाळू, जन्मतः मोतीबिंदू यांसारख्या शस्त्रक्रिया कार्यक्रमातून मोफत होतात. रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतले असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. संदर्भ चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, रेशन कार्ड, जन्म दाखला आणि पालकांचे आधार एका फाइलीत लावून न्या. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी १०२ ला फोन करायचा.

तारीख पुढे ढकलली जात असेल तर घरी वाट पाहत बसू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे चिठ्ठीची प्रत देऊन पोच घ्या. पुढच्या वेळी पथक अंगणवाडीत आले की मूल आणि फाइल दोन्ही घेऊन जा, म्हणजे मागच्या चिठ्ठीचे काय झाले याची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्येही होईल.