प्रोसेसर घ्यायच्या आधी कॅमेऱ्याची फाईल उघडा

दिवसा लग्नाचं एडिटिंग आणि रात्री गेमिंग, असा दुहेरी संसार एकाच कॉम्प्युटरवर चालवणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. राजारामपुरीत मशीन जोडून घ्यायला गेलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "जास्त कोअरवाला कुठला?" प्रश्न चुकीच्या जागेवरून सुरू होतो. गेम अडतो एका ठिकाणी, एडिटिंग अडतं दुसऱ्याच ठिकाणी, आणि कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच वेळी काम करणाऱ्या भागांचा, आकडा या दोन्हींबद्दल फारच थोडं सांगतो.

आधी गेम घेऊ. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पुरेपूर वापरायचा तर प्रत्येक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. तेवढ्या वेळात शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काढायचं, हे ठरवून प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाकडे हुकूम धाडतो. यातली बरीच कामं एकामागून एकच होतात, कारण गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय माणूस पडणार कसा? म्हणून सोळा कोअरपैकी एक-दोनच घाम गाळतात आणि बाकीचे बसून असतात. टास्क मॅनेजर मात्र सगळ्यांची सरासरी दाखवतो. सोळा थ्रेडपैकी (कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांपैकी) एक पूर्ण भरला तरी आकडा सव्वासहा टक्केच दिसतो, आणि लोक म्हणतात, "प्रोसेसर तर तीस टक्केच चाललाय, दोष कार्डाचाच."

खरं अडतं ते मेमरीपाशी. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा. रॅममधून माहिती यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे ठोके वाया. कोल्हापूरच्या माणसाला हे कारखान्याच्या भाषेत लगेच कळेल. गाळप क्षमता कितीही असो, गव्हाणीत ऊस पडला नाही तर 'नो केन', आणि रोलर थांबले. रॅम म्हणजे फडातला ऊस, प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी, म्हणजे कॅशे, ही यार्डात उभ्या गाड्या. तिसऱ्या पातळीच्या कॅशेतून तीच माहिती दहाएक नॅनोसेकंदांत मिळते.

एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांचं गुपित एवढंच. रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये आठ कोअरच्या चिपवर ६४ एमबी कॅशेचा जादा थर चिकटवलेला आहे. मूळचे ३२ धरून ९६ एमबी होतात. हा थर कोअरच्या डोक्यावर बसत असल्यामुळे उष्णता कोंडायची. ९८००एक्स३डीत तो कोअरच्या खाली नेला, त्यामुळे कोअरचा वेगही वाढवता आला. खोक्यावरच्या एका आकड्याला मात्र भुलू नका. सोळा कोअरच्या ७९५०एक्सवर ६४ एमबी लिहिलेलं असतं, पण आठ-आठ कोअरच्या दोन तुकड्यांत ते ३२-३२ वाटलेलं आहे. एका तुकड्यात चालणाऱ्या गेमच्या वाट्याला ३२च येतात.

आहे त्या मशीनमध्ये प्रोसेसर अडतोय की कार्ड, हे पाच मिनिटांत कळतं. फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा, नेहमीच्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन १४४०पीवरून १०८०पीवर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर.

आता एडिटिंग. इथे लोक एक्स्पोर्टच्या वेळेची काळजी करतात, पण एक्स्पोर्ट लावून चहाला जाता येतं. जीव खाते ती टाइमलाइन. एच.२६५ या, व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीच्या, फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण, आणि मधल्या फ्रेम म्हणजे आजूबाजूच्या फ्रेमपासून काय बदललं याची नोंद. समजा दर पंधराव्याला पूर्ण फ्रेम आहे. तुम्ही कर्सर चौदावीवर टाकलात, की आधीच्या उलगडल्याशिवाय ती दिसतच नाही. हे काम प्रोसेसरच्या किंवा कार्डाच्या आत कोरलेलं खास सर्किट सहज करतं, पण त्या सर्किटला फाईलचा प्रकार ओळखीचा असला तरच. नसला की सगळा बोजा कोअरवर येतो आणि महागडं मशीनही अडखळतं.

मोबाइल आणि ड्रोनचं बरंचसं फुटेज ४:२:० असतं, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एक नोंद. ते आजची बहुतेक कार्डं उलगडतात. कॅननच्या आर६ किंवा सोनीच्या ए७ फोरसारख्या कॅमेऱ्यांत १०-बिट (रंगाच्या जास्त छटांचं) ४:२:२ मिळतं, म्हणजे दोन पिक्सेलमागे एक नोंद. हळदीचा पिवळा आणि शालूची जर ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) फाटू नये म्हणून फोटोग्राफर तेच निवडतात. आणि एच.२६५ मधलं नेमकं हेच एनव्हिडियाची ५०-मालिकेआधीची कार्डं उलगडत नाहीत, रायझन ७००० आणि ९००० मधलं अंगचं, म्हणजे प्रोसेसरच्याच आतलं, ग्राफिक्सही नाही. इंटेलचं क्विक सिंक नावाचं सर्किट अकराव्या पिढीपासून ते करतं.

पण क्विक सिंक राहतं अंगच्या ग्राफिक्समध्ये, आणि नावाशेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरात ते बंद असतं. थोडे पैसे वाचतात म्हणून आय-५ १२४००एफ घ्यायचा आणि वर्षभर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवत बसायचं, हा सौदा एडिटरला परवडत नाही. एफ नसलेला घेतला तरी वेगळं कार्ड लावल्यावर काही बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. तेव्हा खरेदीआधी कॅमेऱ्याची एक फाईल मीडियाइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसँपलिंग (तेच ४:२:० की ४:२:२) या तीन ओळी वाचा.

एच.२६५ ४:२:२ असेल आणि कार्ड जुनं राहणार असेल, तर इंटेलचा एफ नसलेला घ्या. आय-५ १४६००के पुरेसा आहे. फाईल ४:२:० असेल, किंवा कार्डच ५०-मालिकेतलं घेणार असाल, तर गेमसाठी एक्स३डी, आणि बजेट कमी असेल तर सहा कोअरचा रायझन ५ ७६००. सोळा कोअरचा मोह बहुतेकांनी टाळावा. कॉम्प्युटर अभियंता जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशेब सोपा आहे. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर आठ कोअरवर वेग ३.३ पट होतो आणि सोळावर ४ पट. दुप्पट कोअर, फायदा वीस टक्के. दिवसभर थ्रीडी रेंडर करणाऱ्याचं गणित वेगळं.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा घेतलात तर पहिलं काम बायोस अपडेट. जास्त व्होल्टेज मागून काही डेस्कटॉप प्रोसेसर कायमचे खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सेकंडहँड घेणाऱ्याने विशेष जपावं, कारण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही.

रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. ६००० ची डीडीआर५ आणूनही बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं नाही तर ती ४८०० वर रेंगाळते. रायझनचा एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो, कारण तो रॅम पारखत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नका.

खोली जानेवारीत २२ अंशांवर आणि एप्रिलमध्ये ३६ वर असेल, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण चौदा अंश जास्त तापतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीजवळ राहत असाल तर कॅबिनेटच्या जाळ्या महिन्याला झाडा. कूलरच्या बुडाची प्लॅस्टिक फिल्म काढायची राहून जाणं ही सगळ्यांत हमखास चूक. आय-७ १४७००के इंटेलने ठरवलेल्या मर्यादेतही २५३ वॅटपर्यंत खातो. बायोसमध्ये १२५ ची मर्यादा घातली तर गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही, एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागतो.

आणि हाच आकडा घेऊन यूपीएसकडे जा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. हा प्रोसेसर आणि २०० वॅटचं कार्ड एकदम भिडले की ४५० च्या वर जातं, मॉनिटर वेगळाच. मग एक्स्पोर्ट चालू असताना लाईट गेली की यूपीएसही तिच्याबरोबरच जातो. खरेदी करताना मागच्या स्टिकरवर व्हीए नव्हे, वॅट वाचा.