भीती वयाची की विकाराची? लहानग्यांच्या भीतीच्या निदानामागचा इतिहास

१८७७ साली चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बालपणाची जुनी टिपणं काढून एक लेख छापला. मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. हरणं, पक्षी, अगदी शहामृगसुद्धा त्यानं मजेत पाहिले. पिंजऱ्यातली मोठी जनावरं दिसली तेव्हा मात्र तो भेदरला. नंतर तो सांगायचा, मला परत जायचंय, पण ‘घरातली जनावरं’ (म्हणजे पिंजऱ्यांत ठेवलेली) बघायची नाहीत. ज्याचा कधी अनुभव आला नाही अशा गोष्टींची भीती पूर्वजांकडून उपजत येत असावी, असा तर्क डार्विन यांनी त्यावरून मांडला. आज तर्कापेक्षा टिपणातला तपशील अधिक मोलाचा वाटतो. मूल घाबरलं, तरी त्याला परत जायचं होतं.

त्याच वर्षी जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी बोलता येत असूनही काही प्रसंगी तोंडातून शब्द न काढणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. हे रुग्ण ठरवून गप्प राहतात, असं त्यांना वाटलं. आज या स्थितीला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि ती चिंताविकारांत मोडते. एक नोंद वयाबरोबर येणाऱ्या भीतीची, दुसरी विकाराची. या दोहोंमध्ये रेषा आखायला पुढची शंभराहून अधिक वर्षं लागली, कारण बराच काळ अभ्यासक एकच प्रश्न विचारत राहिले: मूल कशाला भितं? त्या भीतीपायी मुलाचं काय काय बंद पडलं, हा प्रश्न फार उशिरा आला.

सुरुवात मोजदादीनं झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी प्रश्नावल्या पाठवून १,७०१ जणांच्या ६,४५६ भीती गोळा केल्या आणि १८९७ साली छापल्या. वीज, साप, अंधार, अनोळखी माणसं अशी ती लांबलचक यादी होती. कोणती भीती काळजीची, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. १९०९ मध्ये फ्रॉइड यांनी घोड्यांना भिणाऱ्या पाच वर्षांच्या ‘हान्स’ची हकिकत लिहिली. उपचार मुख्यतः वडिलांकरवी चालले होते आणि भीतीचं मूळ मुलाच्या मनातल्या दडलेल्या संघर्षात शोधलं होतं. १९२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन आणि रेनर यांनी उलट टोक गाठलं. अकरा महिन्यांच्या ‘अल्बर्ट’समोर पांढरा उंदीर धरायचा आणि त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा, असं करून त्यांनी त्याच्यात भीती मुद्दाम रुजवली. ती काढून टाकण्याआधीच मूल रुग्णालयातून गेलं. आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी उपयोगाची गोष्ट १९२४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी केली. पालकांनी आणि शिक्षकांनी या कामाची ओळख करून घ्यावी, इतकं ते आजही ताजं आहे. पीटर हा दोन वर्षं दहा महिन्यांचा मुलगा सशाला घाबरायचा. उंदीर, फरचा कोट, पिसं आणि कापूस यांचीही त्याला भीती होती. जोन्स यांनी तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. न घाबरणारी मुलंही सोबत असत. मध्येच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, दोन महिने खंड पडला, आणि परतीच्या वाटेवर एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पुन्हा पहिल्या जागी. तरीही त्याच क्रमानं पुन्हा सुरुवात केल्यावर शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. जोन्स यांनी एक इशाराही लिहून ठेवला: घाई केली तर गाडी उलट जाते, सशाची भीती जायच्या ऐवजी खाण्याचीच भीती बसते. ‘एकदा पाण्यात ढकललं की आपोआप पोहायला शिकतो’ म्हणणाऱ्यांची चूक नेमकी इथेच होते.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात जोन्स यांनी तीन महिने ते सात वर्षांच्या सत्तर मुलांवर वेगवेगळ्या पद्धती पडताळल्या. भीतीची वस्तू नुसती दूर ठेवणं, समजावून सांगणं, चिडवणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, यांतलं काहीच खात्रीनं चाललं नाही. दोनच गोष्टी चालल्या: सुखद अनुभवाशी पायरीपायरीनं जोड घालणं आणि न घाबरणाऱ्या मुलांना पाहून शिकणं. पुढे १९३५ मध्ये जर्सिल्ड आणि होम्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: दोन ते सहा वर्षांच्या टप्प्यात मोठे आवाज आणि अनोळखी माणसं यांची भीती ओसरत जाते, तर अंधार, काल्पनिक प्राणी आणि वाईट स्वप्नं यांची वाढत जाते. म्हणजे पाचव्या वर्षी अचानक ‘कपाटात कुणीतरी आहे’ सुरू होणं हे मागे जाणं नव्हे. मुलाची कल्पनाशक्ती वाढल्याची ती खूण आहे.

नंतरच्या पाहण्यांनी भीती किती सर्वसाधारण आहे ते आकड्यांत मांडलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या दीर्घ अभ्यासात (१९५४) दोन ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुमारे ९० टक्के मुलांना कधी ना कधी एखादी ठरावीक भीती होतीच. अमेरिकेतच १९७६ मध्ये झालेल्या एका पाहणीत बालवर्गातल्या ७४ टक्के मुलांनी भुताराक्षसांची भीती सांगितली. सहावीपर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. इतकी सार्वत्रिक आणि आपोआप ओसरणारी गोष्ट असेल, तर डॉक्टरांनी ‘मोठं झालं की जाईल’ म्हणणं स्वाभाविक होतं. पण त्या उत्तराखाली न ओसरणारी भीतीही झाकली गेली.

निदानपुस्तिकांत या मुलांना जागा मिळाली ती १९८० साली, डीएसएम या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. तिथे बालपणाचे तीन स्वतंत्र चिंताविकार आले: सेपरेशन अँग्झायटी (जवळच्या माणसापासून दूर होण्याची टोकाची भीती), अनोळखी माणसांपासून टोकाचं दूर राहणं, आणि अतिचिंता. १९९४ च्या आवृत्तीत शेवटचे दोन मोठ्यांच्या विकारांत विलीन झाले. २०१३ च्या आवृत्तीत सेपरेशन अँग्झायटी आणि सिलेक्टिव्ह म्युटिझम, दोन्ही चिंताविकारांच्या प्रकरणात हलवले. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनं वेगळी आणि आमच्या मते फार नेमकी वाट धरली होती: बालपणाचे हे विकार म्हणजे वाढीतल्या नेहमीच्याच गोष्टींचा अतिरेक. त्यामुळे वय न विचारता निदान करणंच अशक्य झालं.

आजचे निकष काय सांगतात? सेपरेशन अँग्झायटीसाठी आठांपैकी किमान तीन लक्षणं, आणि मुलांमध्ये किमान चार आठवडे. एखाद्या ठरावीक गोष्टीच्या फोबियासाठी सहा महिने. सिलेक्टिव्ह म्युटिझमसाठी एक महिना, तोही शाळेचा पहिला महिना सोडून. सामाजिक चिंतेची भीती फक्त मोठ्यांसमोर दिसून भागत नाही, बरोबरीच्या मुलांतही दिसली पाहिजे. लहान मुलाची भीती रडणं, आकांडतांडव, थिजून जाणं किंवा चिकटून बसणं अशा रूपात दिसू शकते, हेही निकषांत लिहिलेलं आहे. या शेवटच्या वाक्याचं मोल मोठं आहे, कारण ‘हट्टी’ म्हणून ओरडा खाणाऱ्यांत काही मुलं मुळात घाबरलेली असतात.

तरी एक अडचण उरली. हे निकष मोठ्या मुलांकडे पाहून बनले होते आणि तीन वर्षांचं मूल ‘मला काळजी वाटते’ असं सांगत नाही. १९९४ मध्ये शून्य ते तीन वयासाठी वेगळं वर्गीकरण आलं आणि २०१६ मध्ये ते पाच वर्षांपर्यंत वाढवलं गेलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हेलन एगर आणि एड्रियन अँगोल्ड यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी सविस्तर मुलाखत तयार केली. लक्षण आहे की नाही एवढ्यावर ती थांबत नाही. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, प्रत्येक वेळी किती मिनिटं, कुठे कुठे, आणि त्यामुळे काय अडलं, हे विचारते. ऑस्ट्रेलियात २००१ साली सुझन स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांची चिंता मोजणारी, पालकांनी भरायची २८ प्रश्नांची मापनश्रेणी दिली.

एगर-अँगोल्ड यांच्या मुलाखतीतले हे चार प्रश्न (किती वेळा, किती मिनिटं, कुठे, काय अडलं) घरीही वापरता येतात. दिवाळीतले फटाके घ्या. तीन वर्षांचं मूल कान झाकतं, आजोबांच्या मांडीत तोंड खुपसतं, खिडकीतून फुलबाजी बघतं, दुसऱ्या दिवशी खाली खेळायला जातं. तुळशीचं लग्न होईपर्यंत विषय संपलेला असतो. ही वयाची भीती. दुसरं मूल डिसेंबरातही खाली उतरत नाही, दिवसातून वीस वेळा ‘फटाके वाजणार का?’ विचारतं, उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारतं. मग फुगे, कुकरची शिट्टी, लग्नाचा बँड यांचीही भीती सुरू होते, झोप मोडते, वाढदिवसांना जाणं थांबतं. पसरत जाणं, समजूत घालूनही न ओसरणं आणि आयुष्य आक्रसणं ही तीन चिन्हं एकत्र दिसली की सहा महिने पुरे होण्याची वाट पाहत बसू नये. सोबत आवाजांची इतरही विलक्षण संवेदनशीलता, उशिरा बोलणं किंवा नजर न देणं असेल, तर तपासणी ऑटिझमच्या दिशेनंही व्हायला हवी.

जूनमधलं शाळेच्या फाटकावरचं रडणंही असंच बघावं. आई गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मूल खेळू लागतं, डबा खातं, दोन-तीन आठवड्यांत रडणं कमी होतं; दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस ते परततं, तेही ठीक. पण महिना उलटूनही मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं, घरी आईला न्हाणीघरापर्यंत सोडत नाही, आजीजवळही राहत नाही, आणि पोटदुखी नेमकी शाळेच्या सकाळी होते, रविवारी होत नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. इंग्रजी माध्यमात घातलेली किंवा परदेशात नुकती गेलेली मराठी घरची मुलं पहिले काही महिने वर्गात गप्प राहतात. नवी भाषा कानावर पडत असतानाचा हा काळ नेहमीचा आहे. मराठी बोलणाऱ्या पाहुण्यांसमोर, अंगणातल्या ओळखीच्या मुलांतही मूल मुकंच राहत असेल, तर गोष्ट वेगळी.

काही मुलं स्वभावानंच बुजरी असतात. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की नव्या गोष्टींपुढे थबकण्याचा हा स्वभाव काही मुलांत अगदी लहानपणापासून दिसतो. अशा मुलांना पुढे चिंताविकार होण्याचा धोका जास्त असतो, पण बुजरेपणा म्हणजे विकार नाही आणि अशी बरीच मुलं पुढे ठीक राहतात. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठात रॉन रॅपी यांच्या गटानं अशाच १४६ मुलांवर काम केलं. निम्म्यांच्या पालकांना सहा बैठकांचं प्रशिक्षण दिलं आणि वर्षभरानं त्या मुलांत चिंताविकार कमी आढळले (२००५). शिकवलं ते जोन्स यांच्याच जातीचं: लहान पायऱ्या, आणि मुलाला टाळायला मदत न करणं.

हे ‘टाळायला मदत’ प्रेमापोटी घडतं, म्हणून सांगायला हवं. मूल कुत्र्याला भितं म्हणून रस्ता बदलायचा, बोलत नाही म्हणून त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं, झोपत नाही म्हणून रोज कुशीत घ्यायचं. त्या क्षणी रडणं थांबतं, आणि सुटका झाली म्हणूनच वाचलो, हे मूल शिकतं. अंधाराच्या भीतीसाठी पायऱ्या अशा लावता येतात: पहिले तीन-चार दिवस दिवा बंद, दार सताड उघडं, आई उंबऱ्यात दोन मिनिटं, मग आई बाहेरच्या खोलीत, आवाज ऐकू येईल अशी, मग पाच मिनिटं, मग दार अर्धं. एका पायरीवर मूल निवांत झालं तरच पुढची. रडणं शिगेला असताना पायरी सोडून देऊ नये. ती छोटी करून थोडं शांत झाल्यावर संपवावी. मुलाची नजर चुकवून निघून जाणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग, कारण नंतर मूल नजर हलवायलाच तयार होत नाही. आणि ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलीस घेऊन जाईल’ ही शस्त्रं खाली ठेवावीत. भीती दाखवून शिस्त लावण्याच्या विरोधात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि पुढे बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी ठाम भूमिका घेतली होती. ती आजच्या संशोधनाशी जुळते.

आपल्याकडे ही मुलं सरकारी तपासणीतून सहज निसटतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते, यादीत विकासातला विलंब आणि ऑटिझम आहे, चिंताविकार नाहीत. अमेरिकेतही २०२२ च्या तज्ज्ञगटानं चिंतेची सरसकट चाचणी आठ ते अठरा वयासाठी सुचवली. सात वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी पुरेसा पुरावा नाही, असं म्हटलं. त्यामुळे या वयात ओळखण्याचं काम घर आणि बालवाडीच्या ताई यांच्यावरच येतं. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची वही ठेवावी: भीतीचा प्रसंग, वेळ, किती मिनिटांत शांत झालं, तुम्ही काय केलं, त्या दिवशी काय राहून गेलं. या वयात औषध हा पहिला उपाय नसतो. पालकांना सोबत घेऊन केलेली वर्तनचिकित्सा असते. जिल्हा रुग्णालयातलं बालविकास केंद्र किंवा मनोविकार विभाग ही जवळची ठिकाणं, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) मराठीत बोलता येतं. एखादी आधी जमणारी गोष्ट, बोलणं, शी-शू सांगणं किंवा खाणं, भीतीबरोबर अचानक बंद पडली, किंवा भीती एखाद्या व्यक्तीजवळ वा जागी जाण्याशीच जोडलेली दिसली, तर वहीची वाट बघू नये. त्याच आठवड्यात मुलाला दाखवावं, आणि त्या व्यक्तीबरोबर वा जागी एकटं ठेवू नये.